आटलेली झाडं

"आबा, फीत खाली घसरतीया. वर घ्या. अजून वर. हां, तिथंच धरा."

हरिबा ढेब्याने फितीचं टोक ऐनाच्या सालीवर अंगठ्याने दाबून धरलं. अजहर दुसरं टोक घेऊन झाडाभोवती फिरला, कारवीच्या झुडपात पाय अडखळत परत त्याच्याजवळ आला, वाकून आकडा पाहिला आणि मोबाईलमध्ये भरला. मग पाठीवरच्या पिशवीतून ॲल्युमिनियमची पाटी काढली. पाटी बिडीच्या बंडलाएवढी, तिच्यावर ठोकून उठवलेला आकडा. हातोडीने त्याने खिळा मारला. खिळा अर्धाच आत गेला, दोन बोटं बाहेर राहिला. पाटी त्याच्यावर सैल लोंबायला लागली आणि वाऱ्याने वाजायला लागली. शेवटी त्याने लाल रंगाचा डबा उघडला आणि ब्रशने झाडाला छातीएवढ्या उंचीवर गोल पट्टा ओढला.

"खिळा पुरा का न्हाई मारत?" हरिबाने विचारलं.

"असाच मारायचा असतोय."

"का पर?"

"तसं शिकवलंय आमाला." अजहर पुढच्या झाडाकडे निघालासुद्धा.

हरिबा मागे राहिला. त्याने पाटी बोटाने हलवून पाहिली. पुढं उपटून काढायचा असंल तरच माणूस खिळा असा ठोकतो, असं त्याच्या मनात आलं. असा लाल रंग तर त्याने पूर्वीही झाडांवर बघितला होता.

पौष महिना होता. पासली गाव खाली राहिलं होतं. वर चार घरांची धनगरवस्ती, त्यातली दोन घरं बंद. बंद घरांतली माणसं पुण्याच्या बाजूला कामाला गेलेली. हरिबाचा मुलगा कुंडलिक कापूरहोळला टायरच्या दुकानात होता, पंधरा दिवसांनी यायचा. घरी हरिबा, बायको कमळाबाई, सून प्रगती, दोन म्हशी आणि नऊ शेळ्या. खाली ओहळाच्या कडेला भाताची चार खाचरं. मागे डोंगराचा उतार. उतारावर पूर्वी नाचणी-वरई व्हायची. माणसं गेली, नांगर गेला, आणि उताराला हळूहळू रान चढलं. कुणी लावलं नाही. जुन्या खोडांना धुमारे फुटले, पाखरांनी बिया टाकल्या, आणि बघता बघता माणूस दिसणार नाही इतकं दाट झालं.

त्या रानाला आता भाव आला होता. पासलीच्या आनंदरावाने भैरवनाथाच्या देवळात बैठक घेतली होती. अजहर ज्यांच्यासाठी झाडं मोजायचा त्या संस्थेची माणसं आली होती. "झाडं तुमचीच," आनंदराव म्हणाला होता. "जमीन तुमची. तुमी काय करायचं न्हाई. फकस्त वाढू द्यायचं, त्याचंच पैसं. चाळीस वर्सांचा करार." कमळाबाई बचतगटात उतारवयात अक्षरं शिकली होती. कागदावरची मोठी अक्षरं तिने बोट ठेवून वाचली. बारीक अक्षरांपर्यंत पोचायच्या आत आनंदरावाने कागद पुढच्या माणसाकडे सरकवला. सगळ्यांनी सह्या केल्या म्हणून हरिबानेही अंगठा दिला. देवळाच्या पायऱ्या उतरताना कुणीतरी म्हणालं, "पाटी लागल्याल्या झाडाची फांदीबी तोडायची न्हाई म्हणं." तेव्हा हरिबा पायरीवर थांबला होता. पण कागद तोवर आनंदरावाच्या पिशवीत गेला होता.

दुपारी दोघे ओहळाच्या कडेला भाकरी खायला बसले. अजहरने डब्यातलं अंडं हरिबाच्या भाकरीवर ठेवलं.

"भोरचा म्हणालास न्हाई? कुणाचा रं तू?"

"जलील ड्रायव्हरचा. अब्बा पूर्वी ट्रक चालवायचे हिकडं. तुमाला ओळखत असतील."

हरिबाचा घास तोंडातच राहिला. "कोळशाचा ट्रक."

"व्हय. भट्ट्या होत्या म्हणं हितं."

"व्हत्या." हरिबाने समोरच्या उताराकडे हात केला. "ह्यो समदा डोंगर उघडा केला. म्याच तोडलाय. कुऱ्हाड माझी व्हती, आन लाल आकडा ठेकेदाराच्या मुनशीचा. मुनशी म्हणायचा, आकडा घातलेलीच तोडायची, बाकीला हात लावायचा न्हाई. आकडा पडला की तिसऱ्या दिवशी झाड आडवं. आन एक दिवस बघितलं तर आकडा नसलेलं झाडच ऱ्हायलं नव्हतं." त्याने घास गिळला. "तवाबी असाच लाल रंग व्हता."

अजहर हसला. "आबा, हे तोडायसाठी न्हाई, राखायसाठी हाय. झाड हवेतला कार्बन खातंय. म्हंजे बघा, गाडीतनं, कारखान्यातनं धूर निघतो ना, त्यातला. तो लाकडात साठवून ठेवतंय. झाड जितकं जाड, तितका साठा जास्त. आपलं वाढतं रान लई साठवतं. म्हणून घेर मोजायचा दरवर्षी."

"म्हंजे धुराचं लाकूड करतंय."

"तसंच."

"आमी जन्मभर लाकडाचा धूर केला," हरिबा म्हणाला. "आन ह्या साठ्याचं कुणाला काय पडलंय?"

"ज्यांचा धूर हाय त्या कंपन्यांना. त्या म्हणणार, आमी धूर सोडला खरा, पण तेवढाच तिकडं झाडात ठेवला."

"माझ्या झाडात?"

"व्हय."

"म्हंजे धूर त्यांचा आन झाड माझं. मग मला फांदी तोडायची बंदी, त्यांना धुराची का न्हाई?"

अजहरने डब्याचं झाकण लावलं. "ते मला न्हाई सांगता येणार, आबा. मी घेर मोजतो."

संध्याकाळपर्यंत हरिबाच्या उतारावरच्या सतरा झाडांना पाट्या लागल्या. एकशे चारपासून एकशे वीसपर्यंत. सगळे ऐन आणि किंजळ. नेमकी तीच सतरा झाडं हरिबाच्या राबाची होती.

भाताच्या रोपाची जागा, म्हणजे दाढ, भाजायला राब लागतो. फाल्गुनात ऐन-किंजळीच्या फांद्या उतरवायच्या, वाळवायच्या, दाढीच्या तुकड्यावर पसरायच्या, त्यावर शेण, गवत, माती, आणि वैशाखात पेटवायचं. तण जळतं, माती मोकळी होते, मग रोप जोमाने येतं. राब नसला तर दाढीत रोपापेक्षा गवत जास्त. हरिबा दरसाल पाच-सहा झाडं उतरवायचा, बाकीची सोडायचा. तीन वर्षांनी फेरा पुन्हा त्याच झाडावर यायचा. झाडाचा शेंडा तो कधी तोडत नसे. भट्टीसाठी त्यानेच तोडलेल्या खोडांचे हे धुमारे. एकेका खोडावरचा एकच सरळ धुमारा ठेवून बाकीचे खुडून त्याने ती सतरा झाडं उभी केली होती.

अजहर खाली गेल्यावर तो कमळाबाईला म्हणाला, "राबाची न् राबाचीच झाडं कशी गावली त्याला?"

"सरळ हाइत, जाड हाइत. दिसणारच."

"कोळशालाबी तसलीच लागायची."

माघात प्रगती माहेरी भोंगवलीला गेली होती आणि कमळाबाई गटाच्या बैठकीला पासलीला उतरली होती, त्या दिवशी हरिबा कुऱ्हाड, कोयता आणि म्हशीच्या शिंगांना लावायच्या लाल रंगाचा डबा घेऊन रानात गेला. खिळे हाताने हलवले तरी निघत होते. ते सोपेपण बघून त्याचा संशय आणखी पक्का झाला. एकेक पाटी त्याने काढली. झाडावरचा लाल पट्टा कोयत्याने खरवडला, वरून शेण आणि राख चोपडली. वीसेक पावलं खाली ओहळाच्या कडेला सावर, पांगारा, पोकळ झालेला उंबर, असली कुणाच्या कामाची नसलेली झाडं होती. ज्या झाडाची पाटी, त्याच्या सरळ खालच्या झाडावर त्याने ती ठोकली. कुऱ्हाडीच्या माथ्याने एकेक घाव, आणि खिळा पुरा आत. पाट्या सालीला चिकटून बसल्या. मग शिंगाच्या रंगाने पट्टे ओढले. तोडायला येतील तेव्हा घेऊन जा म्हणावं पोकळ उंबर.

फाल्गुनात त्याने पाच झाडं उतरवली. चार ऐन आणि वरच्या बांधाची मोठी किंजळ. कमळाबाई खाली उभी राहून फांद्यांचे भारे बांधत होती. किंजळीच्या बुंध्यावर वाळलेलं शेण पाहून तिने वर मान केली. वर हरिबा फांदीवर उभा होता, पायाची बोटं सालीत रोवलेली, धोतराचा काचा मारलेला. सत्तरी ओलांडलेला माणूस.

"आवं, हिला पाटी व्हती ना?"

"कुठाय पाटी? तुला दिसतीय का?"

"न्हाई."

"मग भारा बांध."

तिने भारा बांधला. वैशाखात राब भाजला. पाऊस वेळेवर आला, रोप हातभर उंच झालं, चारी खाचरं लागली. हरिबाचं भात त्या साली सगळ्यात आधी पोटरीत आलं. तो बांधावर उभा राहून वरच्या रानाकडे बघायचा आणि मनातल्या मनात हसायचा.

पुढच्या पौषात तपासणी आली. पुण्याहून एक बाई, टोपी घातलेल्या, पायात मोठे बूट. संगती आनंदराव आणि अजहर. हरिबा शेळ्या घेऊन ओहळावरच होता. त्याला बघून अजहरने हात वर केला, "आबा, बरं हाय ना?"

बाईंनी मोबाईल पाहिला. "एकशे चार. ऐन. घेर ब्याण्णव सेंटीमीटर." मग त्यांनी समोर पाहिलं. समोर काटेरी सावर होती. "हा ऐन?"

आनंदराव मोठ्याने हसला. "ऐनाला काटं आलं की वो!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः फीत लावली. "एकावन्न. वर्षात झाड आटलं? पुढचं घ्या. एकशे पाच, ऐन, शहाऐंशी. हा तर पांगारा. एकसष्ट."

सात-आठ झाडं झाली. अजहरचे कान लाल झाले होते. तो पाटीजवळ गेला, बोट लावून बघितलं. "मॅडम, हे खिळे माझे न्हाईत. मी दोन बोटं बाहेर सोडतो. हे बघा, पुरे आत मारलेत. पाटी वाकलीय."

"मग कोणी मारले?"

"मला न्हाई माहीत. पण फोटो बघा ना माझे."

बाईंनी फोटो दाखवला. फोटोत पाटी होती आणि तिच्याभोवती वीतभर अंधुक साल होती. ती साल कशाची हे ओळखणारे तिथं दोघंच होते. एक अजहर, त्याचं कुणी ऐकत नव्हतं. दुसरा शेळीच्या पायातला काटा काढत बसला होता.

"मोबाईलमधली जागा वीसेक पावलांच्या फरकाने जुळते, झाड जुळत नाही," बाई म्हणाल्या. "खाली ओढ्याशी बसून पाट्या ठोकल्या, आणि आकडे मनाने भरले. उतार चढायचा कंटाळा आला. असंच ना?"

"आबा," अजहर वळला. "तुमी होता ना माझ्यासंगं? फीत धरली होती तुमी. आपण वर गेलो होतो का न्हाई?"

सगळ्यांनी हरिबाकडे पाहिलं. हरिबाने शेळीचा पाय सोडला. शेळी लंगडत दोन पावलं गेली.

"व्हतो," तो म्हणाला. "लई झाडं व्हती. वरसाखालची गोष्ट. आता कुठली कुठली आठवायची?"

अजहर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने फीत गुंडाळली. गुंडाळताना ती दोनदा हातातून सुटली.

आठ दिवसांनी भर दुपारी जलील वस्तीवर आला. भोरहून कापूरहोळ, तिथून वेल्ह्याची एसटी, वेल्ह्याहून जीपने पासली, आणि पुढे ती चढण, दुखऱ्या गुडघ्यांनी. तो अंगणातल्या दगडावर बसला तेव्हा त्याच्या सदऱ्याची पाठ ओली होती. हातात बेकरीच्या खारीचा पुडा होता.

"अजहरच्या आईनं, अकिलानं दिलीय. तुमच्यासाठी, वैनी."

"कशाला वो एवढं," म्हणत कमळाबाईने ताकाचा तांब्या आणला. प्रगतीने घोंगडी अंथरली, पण जलील दगडावरून उठला नाही.

"बसलो की पुन्हा उठवत न्हाई," तो म्हणाला. मग हरिबाकडे बघून, "केस पिकलं रं तुझं."

"तुझं तरी कुठं ऱ्हायल्यात?"

दोघेही थोडं हसले. जलीलने ताकाचा एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"हरिबा, पोरगं दोन वेळा जेवलं न्हाई. भांडत न्हाई, रडत न्हाई. नुसतं बसतंय. बेस्तरवारी मॅडम पासलीला येणार हाइत. आनंदरावाच्या पडवीत. त्याच्याकडनं लिहून घेणार, की त्यानं घरी बसून आकडं भरलं म्हणून. सही केली की ह्या कामात त्याला कुणी दारात उभं करणार न्हाई. म्या मॅडमना फोनवर म्हणालो, पोरगं खोटारडं न्हाई. त्या म्हणाल्या, काका, बाप म्हणून तुमी तसंच म्हणणार."

हरिबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"पोरगं सांगत व्हतं खिळ्यांचं," जलील पुढे म्हणाला. "एका घावात पुरा आत. दुसरा ठोका न्हाई, डोकं वाकडं न्हाई. सतराच्या सतरा. म्या म्हणालो, असा हात लई कमी माणसांचा असतो." त्याने हरिबाच्या हातांकडे पाहिलं. "भट्टीवर लाकूड चिरायला एका घावात पाचर कोण ठोकायचं, आठवतंय का तुला?"

"लई जण व्हते," हरिबा म्हणाला.

"व्हते की." जलील गुडघ्यावर हात देऊन उठला. "तू संगं व्हतास, येवढं तरी येऊन सांग. पोरगं वर चढलं व्हतं, येवढंच. बाकी काय न्हाई मागत."

"तुझा काय भरवसा धरायचा?" हरिबा एकदम बोलला. "तुझ्याच ट्रकातनं गेला ना ह्यो डोंगर? आकडा पडला की तुझा ट्रक यायचा."

जलीलने मान हलवली. "भरून तू द्यायचास, हरिबा. म्या नेला. त्यात काय खोटं हाय?" तो अंगणाच्या कडेपर्यंत गेला आणि मागे वळला. "पर पोरगं तवा जल्मलंबी नव्हतं."

तो उतरत गेला, एका बाजूला झुकत, हाताने बांध धरत. तांब्यात ताक तसंच होतं.

प्रगतीने घोंगडी उचलून झटकली. मग कमळाबाईने पडवीतल्या फळीवरून रंगाचा डबा काढला आणि हरिबाच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो डबा गेल्याच्या आदल्या पोळ्याला नवा आणला व्हता. त्या साली माघात बघितलं तर निम्मा संपला व्हता. म्हशीला दोनच शिंगं असत्यात."

"तुला कवापासनं ठावं?"

"भारा बांधला तवापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"राब मलाबी पायजे व्हता," ती म्हणाली. "भात मी बी खाती."

प्रगती दारात उभी होती. "मामा, तुमी नुसतं संगं व्हतो म्हणालात तर मॅडम इचारणार, मग झाडं का जुळत न्हाईत? तेव्हा काय सांगणार?"

हरिबाने डबा उचलून परत फळीवर ठेवला. खरं सांगितलं तर पाट्या परत राबाच्या झाडांवर जाणार. फांद्या तोडल्याचं उघडं पडणार. पुढच्या वैशाखात दाढ कशाने भाजायची? आणि एवढं करून ती माणसं झाडं राखणार, की मुनशीसारखी एक दिवस कुऱ्हाडी घेऊन येणार, हे कुणी सांगावं? त्याने शेळ्या सोडल्या आणि रानाकडे गेला. मोठ्या किंजळीला तो हात लावून उभा राहिला. शेणाचे पोपडे गळून गेले होते. खिळ्याच्या भोकातून डिंक आला होता आणि वाळून घट्ट झाला होता.

गुरुवारी आनंदरावाच्या पडवीत बाई खुर्चीवर बसल्या होत्या. अजहर उभा होता. जलील उंबऱ्याजवळच्या पोत्यावर. टेबलावर लिहिलेला कागद आणि पेन तयार होतं. हरिबा पायरीशी आला, पायताणं काढली, घोंगडी खांद्यावर सारखी केली.

"ये रं, ये," आनंदराव म्हणाला. "तुला काय पायजे?"

"पाट्या म्या हलवल्या," हरिबा म्हणाला.

बाईंना ते ऐकूच आलं नाही की काय, त्यांनी आनंदरावाकडे पाहिलं.

"पोरगं वर चढलं व्हतं. फीत म्या धरली व्हती. झाडं बराबर मोजली त्यानं. मागनं पाट्या उपटून म्या खाली ठोकल्या."

"का?"

"मला वाटलं, तोडणार."

आनंदराव कपाळावर हात मारून म्हणाला, "अरं, करार काय, कागद काय, सगळं समजावून सांगितलं व्हतं का न्हाई देवळात?"

"मुनशीनंबी समजावून सांगितलं व्हतं," हरिबा म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "हे तुम्ही मुलाला वाचवायला सांगत नाही कशावरून? गावातलेच सगळे. ह्यांनी येऊन सांगितलं असेल." त्यांनी जलीलकडे बोट केलं. "तुम्हाला आकडे वाचता येतात?"

"न्हाई."

"मग कुठली पाटी कुठल्या झाडाची, हे कसं सांगणार?"

"आकडं कशाला लागत्यात? झाडं वळखतो की. हे पोरगं ज्या वाटेनं चाललं त्याच वाटेनं म्या चालतो. तुमी आकडं बघा."

बाईंनी बूट घातले.

चढताना हरिबा पुढे होता. पहिल्या ऐनाजवळ तो थांबला. "ह्यो घासणीचा. म्हशी ह्याला अंग घासत्यात." बाईंनी मोबाईल स्वतःजवळच ठेवला, अजहरला दाखवला नाही. फीतही स्वतः लावली. "त्र्याण्णव," त्या म्हणाल्या. मोबाईलमध्ये ब्याण्णव होते.

"ह्यो जोडखोडाचा." सत्याऐंशी. मागचे शहाऐंशी. "ह्यो वाकड्या शेंड्याचा. ह्याच्यावर दोन साल मधाचं पोळं व्हतं." "ही बारकी किंजळ, हिला लई ऊन लागत न्हाई." एकेक झाड बोटभर वाढलेलं, एखादं त्याहून कमी. कोयत्याने खरवडलेल्या सालीवर नीट बघितलं तर लाल रंगाची रेघ उरलेली होती, आणि प्रत्येकाला डिंकाचा एक ठिपका. बाई हळूहळू खाली वाकून तो ठिपका आधी शोधायला लागल्या. अजहरचे ओठ प्रत्येक आकड्याला हलत होते. बाईंच्या आधी.

बारा झाडं झाली. हरिबा थांबला. वरच्या बांधाकडे त्याने पाठ केली.

"झालं?" बाई म्हणाल्या. "ही बारा. पाच राहिली."

हरिबाला वाटलं, म्हणावं पडली वादळात. पाच झाडं. कोण बघायला जातंय वर? राब तरी उरंल. त्याने घोंगडीचं टोक मुठीत धरलं. अजहर त्याच्याकडे बघत होता, ओहळावर बघितलं होतं तसंच. डोळ्यात ना राग, ना विनवणी. नुसता बघत होता, आता हा माणूस काय बोलतो याची वाट बघत.

"वर हाइत," हरिबा म्हणाला.

वर चार ऐन आणि मोठी किंजळ उभी होती. फांद्यांच्या जागी गाठी, गाठींतून नवे हातभर कोंब. शेंडा तेवढा हिरवा. बाई मान वर करून बघत राहिल्या.

"हे कोणी केलं?"

"म्या. राबाला."

"पट्टा लागल्यानंतर?"

"पट्टा खरवडल्यानंतर."

अजहर खाली मान घालून खोकला. ते हसू होतं की काय, कळलं नाही. बाईंनी किंजळीला फीत लावली. एकशे अकरा. मागच्या वर्षी एकशे दहा. फांद्या जाऊनसुद्धा झाड वाढलं होतं. बाईंनी पुन्हा मोजलं. पुन्हा एकशे अकराच.

"ही पाच यादीतून काढावी लागतील," त्या म्हणाल्या. "आणि बारातल्या एकाचीही फांदी तुटली, तर तुमचा सगळा उतार यादीतून जाईल. लक्षात ठेवा."

"आन न्हाई तोडली तर माझं भात जाईल," हरिबा म्हणाला. "ते कुठं लिव्हणार?"

बाईंनी मोबाईलवर बोट वर-खाली फिरवलं. राबासाठी तिथं रकाना नव्हता. "मी कळवते वरती," त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी अजहरच्या सहीसाठी आणलेला कागद काढला, घडी केला आणि वहीत ठेवला. फाडला नाही. हरिबाने ते बघून ठेवलं.

बाई आणि आनंदराव उतरून गेले. अजहर खाली ओहळावर जाऊन पाट्या काढून घेऊन आला. पुरे आत गेलेले खिळे उपसताना त्याच्या तळहाताला फोड आला होता. दोघे घासणीच्या ऐनापाशी आले. कमळाबाई कळशी घेऊन वर आली होती, ती बाजूला बसली.

"बारा झाडं पाटीखाली गेली," ती म्हणाली. "ऱ्हायल्याल्या पाचांच्या एका सालच्या कोंबांत निम्मी दाढ भाजंल. दोन खाचरं पडीक ऱ्हाणार." ती रागाने बोलत नव्हती. मोजत होती.

"ती पाचबी दरसाल उतरवली तर मरतील," हरिबा म्हणाला.

अजहरने खिळा सालीवर टेकवला. हरिबाने पाटी धरली.

"त्या दिवशी इचारलं व्हतं म्या," हरिबा म्हणाला. "खिळा पुरा का न्हाई मारत. तू म्हणालास, तसं शिकवलंय."

अजहरची हातोडी थांबली. "मला तेव्हा ठावंच नव्हतं, आबा. ह्या आठ दिवसांत फोन करून इचारलं एकाला. झाड जाड होत जातंय. खिळा पुरा मारला की झाड पाटी गिळून टाकतं. म्हणून जागा सोडायची. दोन बोटं म्हंजे वीस-पंचवीस वर्षांची वाढ."

हरिबाने सालीवर हात ठेवला. तोडायचं झाड असेल तर वाढीची जागा कोण सोडंल? हे त्याला पटलं. त्याने दोन बोटं खिळ्याला लावून पाहिली. मग म्हणाला, "कागद किती वर्सांचा हाय?"

"चाळीस."

"आन खिळा पंचवीस वर्सांचा."

अजहर त्याच्याकडे बघायला लागला.

"मग फुडल्या पंधरा वर्सांचं काय?"

"मला न्हाई सांगता येणार, आबा."

"म्हायीतच हाय मला. तुला घेर मोजायचा असतोय." हरिबाने तीन बोटं जुळवून खिळ्याला लावली आणि तिसऱ्या बोटाच्या कडेला नख टेकवलं. "हितवर मार. त्याच्या आत न्हाई."

अजहरने हातोडी उचलली. हरिबाने बोटं काढली नाहीत.